मॅक घ्यावा की विंडोज? मराठीत काम करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बावीस वर्षं मराठी अक्षरजुळणी करतो: पुस्तकं, दिवाळी अंक, पत्रिका, संस्थांचे अहवाल. टेबलावर एक विंडोजचा डेस्कटॉप आहे आणि एक ॲपलचा मॅक, आणि रोज दोन्हींवर काम होतं. बारावीचा निकाल लागला की ओळखीच्या घरांतून फोन सुरू होतात आणि दिवाळीच्या आसपास पुन्हा येतात. प्रश्न तेच असतात. लाखभर रुपये बहुतेक घरांत सहज बाजूला पडत नाहीत, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

फार खोलात न जाता सांगा, मॅक की विंडोज?

ज्या सॉफ्टवेअरवाचून तुमचं अडेल, त्याचं नाव आधी कागदावर लिहा. तिथे टॅली, रेव्हिट, सॉलिडवर्क्स, स्टॅड प्रो किंवा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस असेल तर विंडोज घ्या, विषय संपला. आयफोनची ॲप बनवायची असतील किंवा फायनल कट आणि लॉजिक प्रोवर काम करायचं असेल तर मॅकशिवाय पर्याय नाही. कागदावर फक्त ब्राउझर, वर्ड, एक्सेल आणि व्हिडिओ कॉल असतील तर दोन्ही चालतील. मग किंमत पाहा आणि बिघाड झाल्यावर मशीन कुणाकडे न्याल ते पाहा.

माझं मत विचाराल तर तालुक्याच्या गावी घरातला एकुलता एक कॉम्प्युटर घ्यायचा असेल तेव्हा मी विंडोज सांगतो. दिवसभर लिहिणाऱ्या, प्रवास करणाऱ्या आणि पाच-सहा वर्षं मशीन न बदलण्याचा विचार असलेल्या माणसाला मॅकबुक एअर सांगतो.

मॅक हाही पर्सनल कॉम्प्युटरच ना? मग ‘पीसी’ फक्त विंडोजवाल्याला का म्हणतात?

बरोबर आहे, मॅकही पर्सनल कॉम्प्युटरच आहे. नावाचा घोळ १९८१ पासूनचा. त्या वर्षी १२ ऑगस्टला आयबीएमने ‘पर्सनल कॉम्प्युटर’ याच नावाचं मशीन आणलं. आत इंटेलचा ८०८८ प्रोसेसर होता आणि डॉस ही प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) मायक्रोसॉफ्टची. बहुतेक भाग बाजारात कुणालाही विकत मिळणारे होते आणि मायक्रोसॉफ्टला आपली डॉस इतरांना विकायला मोकळीक होती. कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी तशीच चालणारी मशीनं काढली आणि त्या सगळ्या गोतावळ्याला ‘पीसी’ हे नाव चिकटलं.

ॲपलचा मॅकिंटॉश २४ जानेवारी १९८४ ला आला. त्याचं यंत्र आणि त्यावरची प्रणाली दोन्ही एकाच घरची. नव्वदच्या दशकात ॲपलने काही काळ दुसऱ्या कंपन्यांना मॅकसारखी मशीनं बनवू दिली होती, पण १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्स परतल्यावर ते बंद झालं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कॅबिनेट, मदरबोर्ड, रॅम वेगवेगळं घेऊन विंडोजचा पीसी असेंबल करता येतो आणि मॅक येत नाही, त्याचं मूळ इथे आहे. आपल्याकडे घराघरांत, सायबर कॅफेत आणि डीटीपी सेंटरांत विंडोज पसरलं तेही याच असेंबल केलेल्या डब्यांमुळे.

मराठी टायपिंग कशावर चांगलं होतं?

आज दोन्हींवर सारखंच होतं. एकेकाळी याच एका कारणासाठी माणसं मशीन निवडत होती, त्यामुळे हे वाक्य लिहिताना मला मनापासून बरं वाटतं.

युनिकोड म्हणजे सगळ्या मशीनांवर सारखंच चालणारं अक्षरांचं मानक. त्यात देवनागरी १९९१ पासून आहे. विंडोज २००० बरोबर मंगल हा फॉन्ट आला आणि सिस्टीममध्येच मराठी लिहिता येऊ लागलं. मॅकनेही पुढे देवनागरीचे फॉन्ट आणि कीबोर्ड आपल्या प्रणालीत दिले. इनस्क्रिप्ट या कीबोर्डचा आराखडा भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ठरवून दिलेला असल्यामुळे तो एकदा बोटांत बसला की मशीन बदललं तरी बोटं अडखळत नाहीत. ‘र’ जे या कळीवर आणि ‘ऱ’ शिफ्ट धरून त्याच कळीवर, हे दोन्हीकडे तसंच. रोमन अक्षरांच्या उच्चारावरून मराठी लिहायची सवय असेल तर विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, आणि मॅकमध्ये देवनागरी-क्वेर्टी.

मशीन पसंत करताना मी ‘दुसऱ्या’ आणि ‘ॲप’ हे दोन शब्द लिहून बघतो. ‘ऱ्य’मधला चंद्रकोरीसारखा र हिंदीत लागत नाही, म्हणून तो नीट उमटला की मराठीची सोय झालेली आहे असं समजायचं. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये थेट २००८ मध्ये आलं. फार जुन्या मशीनवर अजून त्याच्या जागी चौकोन दिसतो. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर फॉन्टात ते असावे लागतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडलेली असावी लागते. भाषा हिंदी राहिली तर वळणही हिंदी येतं. ही मशीनची चूक नसते.

खरा फरक पडदा पाडतो, आणि त्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार असतात, खाली उकार आणि रकार. १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर बारा पॉइंटचा ‘र्कें’ वाचताना डोळे बारीक करावे लागतात. मॅकबुक एअरच्या १३.६ इंची पडद्यावर २५६० बाय १६६४ ठिपके असतात, तिथे अनुस्वार आणि रफार वेगवेगळे दिसतात. विंडोजच्या लॅपटॉपांतही असे पडदे मिळतात, पण ते मागून घ्यावे लागतात. दिवसाचे आठ तास मराठी वाचायचं असेल तर प्रोसेसरवरचे थोडे पैसे काढून पडद्यावर घाला.

माझ्याकडे जुन्या फॉन्टमधल्या शेकडो फायली आहेत. मॅक घेतला तर त्या उघडतील का?

या प्रश्नावर घाई करू नका. श्री-लिपी, डीव्हीबी-टीटी योगेश, डीव्ही-टीटी सुरेख, कृतिदेव, शिवाजी असल्या फॉन्टांतल्या जुन्या फायलींत मराठी अक्षरं नसतातच. आत इंग्रजी अक्षरांचे आणि खुणांचे आकडे साठवलेले असतात, फॉन्ट त्यांना फक्त मराठी चेहरा देतो. फॉन्ट काढला की सगळी अगम्य चिन्हं उरतात.

मॅकवर त्यात आणखी एक अडचण येत असे. पहिल्या १२८ चिन्हांच्या पुढची चिन्हं मॅक आणि विंडोज पूर्वी वेगवेगळ्या क्रमाने लावत, त्यामुळे तोच फॉन्ट असूनही काही जोडाक्षरं भलतीच दिसत. शिवाय काही जुनी मराठी सॉफ्टवेअरं फक्त विंडोजवर चालतात, आणि त्यांना यूएसबीचं डोंगल, म्हणजे परवान्याची चावी, लावावं लागतं.

माझा अनुभव सांगतो. एका लेखकाच्या तीन कादंबऱ्या माझ्याकडे अशाच सॉफ्टवेअरमध्ये होत्या. डोंगल हरवलं, ते मशीनही गेलं. लेखक तोवर वारले होते. शेवटी छापील प्रती समोर ठेवून आम्ही साडेआठशे पानं पुन्हा टाइप केली. ते पाच महिने मी विसरलेलो नाही. म्हणून कळकळीने सांगतो, मशीन कुठलंही घ्या, पण जुनं मशीन चालू आहे तोवर फायली युनिकोडमध्ये आणा. फॉन्टप्रमाणे रूपांतर करून देणारी साधनं आहेत. मात्र ऱ्य, र्‍हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हं त्यानंतर डोळ्यांखालून घालावीच लागतात. प्रत्येक फाइलीची एक पीडीएफही करून ठेवा. हे काम पुरं होईपर्यंत विंडोजचं एक मशीन घरात राहू द्या.

इनडिझाइन, फोटोशॉपमध्ये मराठी तुटतं. मॅक घेतल्यावर नीट होईल?

नाही होणार, कारण दोष मशीनचा नाही. ‘कि’ची वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून वेगळी होतात, तेव्हा परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडलेला नसतो. तो निवडा, तेच मशीन बरोबर मराठी दाखवील. या एका सेटिंगपायी नवा कॉम्प्युटर घ्यायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत.

मुलीला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला आहे. ती मॅक म्हणते, तिचे बाबा विंडोज म्हणतात.

शाखा कोणती ते महत्त्वाचं. मेकॅनिकल किंवा सिव्हिल असेल तर बाबांचं ऐका. सॉलिडवर्क्स, कॅटिया, रेव्हिट ही सगळी विंडोजची मंडळी. ऑटोकॅड मॅकवर आहे, पण दोन्ही आवृत्त्यांत सगळ्या सोयी सारख्या नाहीत. आर्किटेक्चरलाही रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्समुळे हेच उत्तर.

कॉम्प्युटर किंवा आयटीला असेल तर मुलीचं म्हणणं पटण्यासारखं आहे. मॅकची प्रणाली युनिक्सच्या घराण्यातली असल्यामुळे प्रोग्रॅमिंगची साधनं तिथे सहज बसतात. विंडोजमध्येही आता लिनक्स चालवणारी उपप्रणाली बसवता येते, म्हणून अडत मात्र काही नाही. मशीन लर्निंगकडे ओढा असेल तर एन्व्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागेल का ते विचारून घ्या. त्याची कुडा ही प्रणाली आजच्या मॅकवर चालत नाही.

पहिल्या सत्रात बहुतेक शाखांना लॅपटॉपवाचून अडत नाही, कॉलेजच्या लॅबमध्ये मशीनं असतात. वरच्या वर्गातल्या मुलांना भेटून ते रोज काय उघडतात ते पाहू द्या आणि दिवाळीनंतर घ्या. प्रवेशाच्या आठवड्यात, फी भरता भरता घेतलेल्या लॅपटॉपचा पश्चात्ताप मी अनेक घरांत ऐकला आहे.

दुकानाचे हिशेब, टॅली, जीएसटी?

विंडोज. टॅलीप्राइम मॅकवर थेट चालत नाही. डिजिटल सहीचं टोकन, बिलाचा थर्मल प्रिंटर, बारकोड स्कॅनर यांचे ड्रायव्हरही विंडोजवर बिनघोर मिळतात. तुमचे सीएदेखील विंडोजवरच काम करत असण्याची शक्यता मोठी आहे, आणि मार्चअखेरीला अडचण आली तर फोन त्यांनाच करायचा आहे.

सरकारी टायपिंग परीक्षेची तयारी मॅकवर होईल का?

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या जीसीसी-टीबीसीसाठी संस्थांमध्ये विंडोजवरच सराव होतो. रेमिंग्टनचा (जुन्या टाइपरायटरच्या मांडणीचा) कीबोर्डही मॅकमध्ये मुळात दिलेला नसतो. विंडोज घ्या. एमएस-सीआयटीसाठीही तेच.

मॅक महाग आहे, पण टिकतो म्हणतात. हिशेब कसा मांडायचा?

मार्च २०२५ मध्ये एम४ चिपचा मॅकबुक एअर भारतात ९९,९०० रुपयांना आला. मॅक मिनी (पडदा-कीबोर्डशिवायचा छोटा डेस्कटॉप) त्याआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये ५९,९०० रुपयांना आला होता. घरात मॉनिटर आणि कीबोर्ड असेल तर मिनीइतकी परवडणारी वाट मॅकमध्ये मला दुसरी दिसलेली नाही. ॲपलने २०२४ अखेरीस या मशीनांची किमान रॅम १६ जीबी केली, हे फार बरं झालं. ८ जीबीचा जुना साठा कुणी सवलतीत देत असेल तर मोह टाळा.

मॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, घेतानाच ठरवावी लागते. विंडोजच्या बऱ्याच लॅपटॉपांत ती वाढवता येते, पण पातळ मॉडेलांत तीही मदरबोर्डला डाग देऊन बसवलेली असते. दुकानदाराला हा प्रश्न नक्की विचारा. चाळीस-पन्नास हजारांत १६ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला विंडोज लॅपटॉप मिळाला तर बहुतेक घरांचं काम भागतं. लाखाच्या विंडोज लॅपटॉपशी तुलना केलीत तर मात्र बॅटरी, ट्रॅकपॅड आणि जुन्या मशीनला येणारी किंमत या तीन बाबींत मॅक पुढे असतो, असं माझं मत आहे.

हिशेबात सॉफ्टवेअरही धरा. विंडोजवर सगळं फुकट मिळतं असं समजणारे क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर बोलत असतात. त्या क्रॅकबरोबर काय आत येतं ते कळत नाही, आणि त्याच मशीनवर आपण बँकेचे व्यवहार करतो. लिबरऑफिस फुकट आहे, कायदेशीर आहे, त्यात मराठी उत्तम चालतं, आणि ते विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर आहे.

मॅकला व्हायरस येत नाही हे खरं का?

खोटं आहे. २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या घातक प्रोग्रॅमने सहा लाखांहून जास्त मॅक बाधित केले होते. मॅकवर हल्ले कमी होतात, पण खोटी लिंक दाबून ओटीपी सांगणाऱ्याला कुठलंही मशीन वाचवू शकत नाही.

विंडोज १० बंद झालं म्हणतात. चांगला चालणारा लॅपटॉप टाकून द्यायचा?

अजिबात नाही. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार थांबवला, आणि घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या अपडेटसाठी पुढे वर्षभराची मुदत ठेवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि, थोडे अपवाद सोडले तर, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर. त्यामुळे २०१६-१७ च्या सुमाराचे पुष्कळ धडधाकट लॅपटॉप एका तारखेवरून ‘जुने’ ठरले. मला याचं वाईट वाटतं. कुणीतरी पीएफमधून पैसे काढून घेतलेलं मशीन असतं ते.

अशा मशीनवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही फुकट प्रणाली बसवा. आधी पेनड्राइव्हवरून सुरू करून पाहता येतं, आतल्या कशालाही धक्का लागत नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का ते तपासा, पटलं तर मग बसवा. मराठी कीबोर्ड आत असतोच. हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी टाका. सुरू व्हायला तीन मिनिटं घेणारं मशीन काही सेकंदांत समोर येतं. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या चेन्नई केंद्रानेही भारतीय भाषांसाठी बॉस नावाची लिनक्स प्रणाली तयार केली आहे. माझ्या सासऱ्यांचा नऊ वर्षांचा लॅपटॉप आज मिंटवर चालतो. ते त्यावर वर्तमानपत्र वाचतात आणि गावाच्या इतिहासाची टिपणं लिहितात. विंडोज गेल्याचं त्यांना दोन दिवसांत आठवेनासं झालं.

जुना मॅक स्वस्तात मिळतो आहे, घेऊ?

इंटेलचा असेल तर घेऊ नका. ॲपलने नोव्हेंबर २०२० पासून मॅकमध्ये स्वतःच्या चिप टाकल्या, आणि इंटेलच्या मॅकना चालणारी मॅकच्या प्रणालीची शेवटची आवृत्ती ‘टाहो’ असेल असं २०२५ मध्ये जाहीर केलं. ॲपलच्या पहिल्या एम१ चिपचा किंवा त्यापुढचा असेल तर विचार करा. पैसे देण्याआधी विकणाऱ्याला त्याच्यासमोरच आयक्लाउडमधून बाहेर पडायला आणि मशीन पुसायला सांगा. ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे जुन्या मालकाच्या खात्याचं कुलूप, राहिलं तर तुमच्या हातात धातूची पेटी उरेल.

मॅकवर विंडोज चालवता येतं ना?

इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्प या ॲपलच्याच सोयीने येत होतं. आताच्या चिपवर बूट कॅम्प नाही. पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये एआरएम जातीच्या प्रोसेसरसाठीचं विंडोज ११ चालतं. कधीतरी एखादा छोटा प्रोग्रॅम उघडायला ते पुरतं. रोजचं काम विंडोजचं असेल तर सरळ विंडोज घ्या.

स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप कसे आहेत?

बॅटरी छान टिकते. पण तेही एआरएम आहेत, म्हणून जुने प्रिंटर, डोंगल आणि मराठीची जुनी सॉफ्टवेअरं यांचे ड्रायव्हर आधी तपासा. डीटीपीवाल्यांना मी सध्या नको म्हणतो.

आम्ही चंद्रपूरला राहतो. उन्हाळा आणि दुरुस्ती, दोन्हींची काळजी वाटते.

काळजी रास्त आहे. मॅकबुक १० ते ३५ अंश तापमानात वापरावा असं ॲपलच सांगते, आणि विंडोजच्या बऱ्याच लॅपटॉपांच्या पुस्तिकांतही ३५ हीच वरची मर्यादा असते. तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. मॅकबुक एअरला पंखा नाही, त्यामुळे तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो. लिखाणाला फरक पडत नाही, व्हिडिओ एडिटिंगला पडतो. एका जागी बसून काम असेल तर मोठ्या कॅबिनेटचा डेस्कटॉप आणि चांगला यूपीएस ही विदर्भासाठी मला अजूनही सगळ्यांत शहाणी निवड वाटते. धूळ साफ करता येते, पंखा तीनशे-चारशेत बदलता येतो.

ॲपलची स्वतःची दुकानं महाराष्ट्रात मुंबईला बीकेसीत २०२३ पासून आणि पुण्याला कोरेगाव पार्कात २०२५ पासून आहेत. बाकी शहरांत अधिकृत सेवा केंद्रं असतात. घेण्याआधी तुमच्यापासून सर्वांत जवळचं केंद्र किती किलोमीटरवर आहे ते पाहा आणि एसटीने तिथे दोन खेपा कराव्या लागतील असं धरून चाला.

दुकानात गेल्यावर नेमकं काय पाहू?

पेनड्राइव्ह न्या, आणि तो एक्सफॅट या दोन्हींवर चालणाऱ्या पद्धतीत फॉर्मॅट केलेला असू द्या. एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीत असला तर मॅक त्यावरचं वाचेल पण त्यावर लिहू शकणार नाही. त्यात तुमच्या रोजच्या तीन फायली ठेवा: एक मोठी एक्सेल, एक मराठी वर्ड, एक पीडीएफ. दोन्ही मशीनांवर त्या उघडून दाखवायला सांगा. मराठी कीबोर्ड लावून घ्या आणि उभ्याउभ्या नको, खुर्ची मागून पंधरा मिनिटं एखादं पत्र टाइप करा. घरात जो माणूस हे मशीन सर्वांत जास्त वापरणार आहे त्याला सोबत न्या, आणि टाइप त्यालाच करू द्या.